शेवटच्या टेबलावरची वाटणी

पोकरच्या मोठ्या स्पर्धेत शेवटची तीन-चार माणसे उरतात तेव्हा बहुधा मध्यरात्र उलटून गेलेली असते. सकाळपासून शंभर-दोनशे जण बाद झालेले असतात. ब्लाइंड, म्हणजे प्रत्येक डावाआधी टाकावीच लागणारी रक्कम, दर अर्ध्या-पाऊण तासाने वाढत इतकी मोठी झालेली असते की कुणाकडेच वाट पाहण्याइतक्या चिप्स उरत नाहीत. दोन-तीन ऑल-इनमध्ये, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम पणाला लावलेल्या डावांत, सगळा निकाल लागणार असतो. पहिल्या आणि तिसऱ्या बक्षिसात मात्र दुपटी-अडीचपटीचे अंतर असते. दिवसभर कौशल्याने खेळलेल्या माणसाचा महिन्या-दोन महिन्यांचा पगार आता नाणेफेकीइतक्या अनिश्चित एका पत्त्यावर टांगलेला असतो. अशा वेळी कुणीतरी हलकेच विचारतो, “डील बघायचं का?”

या प्रश्नापासून वाटणी पक्की होईपर्यंतच्या पाच-दहा मिनिटांविषयी हे लेखन आहे. पोकर कसे खेळावे यावर इंग्रजीत कपाटे भरतील इतकी पुस्तके आहेत. शेवटच्या टेबलावर बक्षिसाची वाटणी कशी बोलावी, कोणी विचारावे, कोणी नाही म्हणावे आणि नाही म्हटल्यावर इतरांनी कसे वागावे, हे मात्र बहुतेक खेळाडू दुसऱ्यांचे पाहून शिकतात. त्यात चांगले शिकणारे असतात, तसे चुकीचे शिकणारेही असतात. माझे म्हणणे थोडक्यात असे, की डीलचा न्याय गणिताच्या सूत्रात नसून टेबलावरच्या सगळ्यात दुबळ्या माणसाला न संकोचता नकार देता येतो की नाही, यात आहे. बाकीचे सगळे शिष्टाचार या एका हक्काच्या रक्षणासाठी तयार झाले आहेत.

तरीही सुरुवात गणितापासूनच करायला हवी, कारण ज्याला आकडे कळत नाहीत त्याचा होकार खरा होकार नसतो.

एक साधे उदाहरण घेऊ. तिघे उरले आहेत. बक्षिसे आहेत ५ लाख, ३ लाख आणि २ लाख रुपये. एकूण चिप्सपैकी पहिल्याकडे ५० टक्के, दुसऱ्याकडे ३० टक्के आणि तिसऱ्याकडे २० टक्के. नवख्या माणसाला वाटते, १० लाखांचे याच प्रमाणात तुकडे करावेत. तसे केले तर पहिल्याला ५ लाख मिळतात, म्हणजे एकही डाव न खेळता पूर्ण पहिले बक्षीस, आणि तिसऱ्याच्या हाती २ लाख येतात, जे आत्ता या क्षणी बाद झाला तरी त्याचेच असतात. पहिल्याकडे ७० टक्के चिप्स असत्या तर या हिशेबाने त्याला ७ लाख मिळाले असते, पहिल्या बक्षिसाहूनही २ लाख जास्त. ही पद्धत उघडच अन्यायाची आहे.

म्हणून चिप चॉप नावाची पद्धत आली. तिसरे बक्षीस, म्हणजे २ लाख, तिघांनाही आधी द्यायचे, कारण तेवढे कुणाचेच सुटत नाही. उरलेले ४ लाख चिप्सच्या प्रमाणात वाटायचे. पहिल्याला ४ लाख, दुसऱ्याला ३ लाख २० हजार, तिसऱ्याला २ लाख ८० हजार. तोंडी करता येतो असा हा हिशेब आहे आणि लहान स्पर्धांत अजूनही तो चालतो.

तिसरी पद्धत आयसीएमची, म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेलची. प्रत्येकाची पहिला येण्याची शक्यता त्याच्या चिप्सच्या प्रमाणात धरायची. मग तो पहिला आला असे मानून त्याच्या चिप्स बाजूला काढायच्या आणि उरलेल्यांत दुसरा कोण येईल ते तसेच मोजायचे. सगळे क्रम असे तपासून प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी किती येते ते काढायचे. याच्या मुळाशी असलेली कल्पना डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ साली घोड्यांच्या शर्यतींसाठी मांडली होती. मेसन मालमुथ यांनी १९८७ मध्ये ती पोकरच्या स्पर्धांना लावली. आपल्या उदाहरणात आयसीएमने पहिल्याला ३,८३,९२९ रुपये मिळतात, दुसऱ्याला ३,२७,५०० आणि तिसऱ्याला २,८८,५७१.

दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहा. चिप चॉपने पहिल्याला १६,०७१ रुपये जास्त मिळतात. त्यातले ८,५७१ तिसऱ्याच्या खिशातून जातात आणि ७,५०० दुसऱ्याच्या. म्हणून ज्याच्याकडे सर्वांत जास्त चिप्स आहेत तो चिप चॉप सुचवतो, ज्याच्याकडे कमी आहेत तो आयसीएम मागतो. यात लबाडी काही नाही, प्रत्येकाने आपले हित पाहावेच. लबाडी तेव्हा होते, जेव्हा सुचवणाऱ्याला दोन्ही आकडे माहीत असतात आणि तो समोरच्याला एकच दाखवतो. म्हणून पहिला शिष्टाचार असा, की घड्याळ थांबवायचे, सगळ्यांच्या चिप्स नीट मोजून घ्यायच्या आणि स्पर्धेच्या डायरेक्टरकडून दोन्ही पद्धतींचे आकडे कागदावर मागून घ्यायचे. मोठ्या किमतीच्या चिप्स लहान चिप्सच्या मागे दडवून आपला साठा कमी भासवणे एरवीही नियमात बसत नाही. डील बोलताना तर ती फसवणूकच ठरते.

दोघे भाऊ जमीन वाटून घेतात तेव्हा एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. वाटे पाडणाऱ्याला मग आपोआपच प्रामाणिक राहावे लागते. पोकरच्या टेबलावर तीन-चार जण असतात, प्रत्येकाचा हक्क वेगळ्या मापाचा असतो आणि वेळ कमी असतो, म्हणून ही रीत तिथे चालत नाही. तिची जागा त्रयस्थ डायरेक्टरने घ्यायला हवी.

या प्रथेचा इतिहास सगळा उजळ नाही, आणि तो माहीत असल्याशिवाय नियमांमागची तळमळ कळणार नाही. लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत १९७० साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर सुरू झाली. १९७२ च्या मुख्य स्पर्धेत शेवटी तिघे उरले : डॉयल ब्रन्सन, पगी पीअरसन आणि अमरिलो स्लिम प्रेस्टन. जो जिंकेल त्याच्यामागे वर्तमानपत्रे आणि टेलिव्हिजन लागणार होते. टेक्सासमध्ये जुगाऱ्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात हे ब्रन्सन ओळखून होते. त्यांना ती प्रसिद्धी नको होती, पीअरसन यांनाही नको होती. स्लिम यांना मात्र ती हवीच होती. तिघांनी आपसात जुळवून घेतले, ब्रन्सन तब्येतीचे कारण सांगून स्पर्धेबाहेर पडले आणि स्लिम विजेते ठरले. पुढे स्लिम टेलिव्हिजनवरचे लाडके पाहुणे झाले. आत काय घडले होते ते ब्रन्सन यांनी पुष्कळ वर्षांनी स्वतःच सांगितले.

या प्रकाराकडे गमतीची दंतकथा म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. पैसे त्या तिघांचे होते हे खरे, पण पाहणाऱ्यांना खरी लढत चालली आहे असे सांगितले गेले होते. वाटणी करणे आणि निकाल ठरवून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या शिष्टाचाराची सगळी धडपड त्या दोहोंमधली रेघ पुसली जाऊ नये यासाठीच आहे.

त्या काळी मुख्य स्पर्धेत सगळे पैसे विजेत्यालाच मिळत. १९७८ मध्ये पहिल्यांदा पाच जणांना बक्षिसे दिली गेली आणि विजेत्या बॉबी बाल्डविन यांना २,१०,००० डॉलर मिळाले. बक्षिसांची उतरंड आली तशी वाटणीची भाषाही बदलली. आता बोलणे होऊ लागले ते दोन बक्षिसांमधल्या अंतराचे.

२००३ चा प्रसंग मला या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो. टेनेसीतला ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस इंटरनेटवरच्या एका लहान पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीजला पोहोचला आणि ८३९ जणांतून शेवटच्या दोघांत आला. समोर सॅमी फारहा हा मुरलेला व्यावसायिक. पहिले बक्षीस २५ लाख डॉलर, दुसरे १३ लाख. चिप्स मनीमेकरकडे जास्त होत्या, तरी अनुभवातले अंतर ओळखून त्याने उरलेले पैसे निम्मे-निम्मे वाटून घेऊ असे सुचवले. फारहाने नकार दिला. खेळ सुरू राहिला, मनीमेकर जिंकला आणि पुढच्या काही वर्षांत जगभर लाखो नवे खेळाडू पोकरकडे वळले. फारहाने केवढी संधी घालवली, असे लोक आजही म्हणतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते वेगळेच. विचारणाऱ्याने मोकळेपणाने विचारले, दुसऱ्याने मोकळेपणाने नाकारले आणि पुढच्याच डावाला दोघेही त्याच गंभीरपणे बसले. नकाराचा हिशेब कुणी मनात ठेवला नाही. डीलची बोलणी अशी व्हायला हवीत.

नकाराबद्दल आणखी लिहायला हवे, कारण बहुतेक टेबलांवर गाडी अडते ती इथेच. डीलला उरलेल्या प्रत्येकाची संमती लागते. चौघांपैकी तिघे तयार असले तरी चौथ्याच्या एका ‘नको’ने विषय संपतो. बहुमताला इथे जागा नाही, कारण प्रत्येकजण पूर्ण प्रवेशशुल्क भरून, जाहीर झालेल्या बक्षिसांसाठी बसलेला असतो. नकार देणाऱ्याने कारण सांगायची गरज नाही. त्याला करंडक हवा असेल, आपल्या खेळावर विश्वास असेल किंवा मोठ्या टेबलाचा अनुभव घ्यायचा असेल. “अहो, सगळे तयार आहेत, तुमच्या एकट्यामुळे अडलंय,” हे वाक्य वरवर सौम्य वाटले तरी ती सक्ती आहे. ते ऐकताच डायरेक्टरने बोलणी थांबवावीत.

याहून वाईट प्रकार नकारानंतर होतो. नाही म्हणणाऱ्याला धडा शिकवायचा म्हणून बाकीचे न बोलताच एकमेकांशी सौम्य खेळतात आणि त्याच्याशी कडक. हे संगनमत आहे, मग त्यासाठी कुणी एक शब्दही उच्चारलेला नसला तरी. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन २००१ साली स्थापन झाली. मॅट सॅव्हेज, लिंडा जॉन्सन, जॅन फिशर आणि डेव्ह लॅम्ब हे तिचे संस्थापक. तिच्या नियमांत सौम्य खेळणे आणि मुद्दाम चिप्स हरणे ही शिक्षेची कृत्ये आहेत. रुसवा हे त्यासाठीचे कारण होऊ शकत नाही.

विचारणाऱ्याच्याही काही जबाबदाऱ्या आहेत. डाव चालू असताना डीलचा विषय काढू नये. कुणी मोठ्या निर्णयाच्या विचारात असताना तर मुळीच नाही. नुकताच अर्धा साठा हरलेल्या माणसाला त्याच मिनिटाला विचारू नये, त्याला ब्लाइंडची एक फेरी जाऊ द्यावी. एकदा नकार मिळाल्यावर दर दहा मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा टाकू नये. चिप्सचे चित्र पार पालटले किंवा कुणी बाद झाले, तर पुन्हा विचारायला हरकत नाही. आणि सगळ्यांनी विचारात घ्यायचे ते सगळ्यांसमोर बोलावे. तिघांपैकी दोघांनी बाहेर सिगारेट ओढता ओढता आकडा ठरवून आत येणे तिसऱ्यावर अन्याय करणारे आहे, मग तो आकडा कितीही रास्त असो.

चांगल्या खेळाडूने आयसीएमहून जास्त मागावे का? मागावे. सूत्र सगळ्यांना सारखेच कुशल धरते, आणि तसे ते नसतात. पण “मला एवढे मिळाले तर मी तयार आहे” असे म्हणून मागावे. “तुमच्यापेक्षा मी बरा खेळतो” असे म्हणून मागू नये. पहिले वाक्य व्यवहाराचे आहे. दुसऱ्याने समोरच्या माणसाचा मान जातो, आणि मान दुखावलेला माणूस फायद्याची वाटणीही नाकारतो.

डील उघडपणे आणि पुरेपूर आकड्यांसह झाले तर ते कसे दिसते याचा एक नमुना २०१९ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये पाहायला मिळाला. ट्रायटन मालिकेतल्या त्या स्पर्धेचे प्रवेशशुल्क १०,५०,००० पौंड होते, त्यातले ५०,००० दानासाठी. शेवटी ब्रिन केनी आणि अ‍ॅरन झँग उरले. पहिले बक्षीस १ कोटी ९० लाख पौंड, दुसरे १ कोटी १६ लाख ७० हजार. दोघांनी वाटणी केली तेव्हा चिप्स केनीकडे बऱ्याच जास्त होत्या. पुढे झँग जिंकला आणि करंडक त्याला मिळाला, पण त्याच्या वाट्याला १,३७,७९,४९१ पौंड आले आणि दुसऱ्या आलेल्या केनीला १,६८,९०,५०९. या दोन रकमांची बेरीज बरोबर ३ कोटी ६ लाख ७० हजार होते, म्हणजे जाहीर झालेल्या दोन बक्षिसांइतकीच. दुसरे बक्षीस दोघांनाही देऊन उरलेल्या ७३ लाख ३० हजारांत केनीचा वाटा काढला तर तो सुमारे ७१ टक्के येतो. दोघेच उरले असताना चिप चॉप आणि आयसीएम यांचे उत्तर एकच असते, म्हणून वाचकाला हा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहता येईल. झँगला विजेता म्हणताना किंवा केनीला सर्वांत मोठी रक्कम मिळाली असे सांगताना कुणाला काही लपवावे लागले नाही.

या उदाहरणात सगळे पैसे वाटले गेले. बऱ्याच आयोजकांना ते आवडत नाही, आणि त्यात तथ्य आहे. एकदा सगळी रक्कम वाटून झाली की उरलेला खेळ पाय ओढत चालतो, कधी दोन डावांत आटोपला जातो, आणि ताटकळत बसलेल्या प्रेक्षकांना ते कळते. म्हणून युरोपियन पोकर टूरसारख्या मालिकांत आयोजक स्वतः घड्याळ थांबवून आकडे काढून देतात, पण बक्षिसाचा काही भाग विजेत्यासाठी बाजूला ठेवायला लावतात. वर्ल्ड सिरीजची भूमिका वेगळी. तिथे आयोजक डीलमध्ये पडत नाहीत, जाहीर झालेली रक्कम जाहीर झाली तशीच देतात आणि आपसातली देवाणघेवाण खेळाडूंनी आपली आपण पाहायची. मला युरोपातली पद्धत अधिक बरी वाटते. डोळे मिटल्याने डील थांबत नाहीत. फक्त ती अंधारात होतात, आणि अंधारात नुकसान होते ते नवख्याचे.

आपल्याकडे ही गोष्ट कराच्या बाबतीत लगेच खिशाला जाणवते. पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर भारतात ३० टक्के दराने कर आहे, आणि १० हजारांहून मोठे बक्षीस देण्याआधीच तो कापून घेतला जातो. गोव्याला मांडवीवरच्या एखाद्या कॅसिनोत स्पर्धा खेळायला पुण्या-मुंबईहून गेलेल्या तिघांनी वरच्या उदाहरणातले आयसीएम डील केले, पण आयोजकांना सांगितलेच नाही असे समजा. पहिला खेळाडू शेवटी जिंकला. त्याच्या नावावर ५ लाख लागले, दीड लाख कर कापला गेला, हाती साडेतीन लाख आले. ठरल्याप्रमाणे त्याने इतर दोघांना मिळून १,१६,०७१ रुपये द्यायचे. दिल्यावर त्याच्याकडे उरतात २,३३,९२९. डीलची नोंद झाली असती तर त्याच्या ३,८३,९२९ वर कर कापून २,६८,७५० उरले असते. म्हणजे इतरांच्या वाट्यावरचा सुमारे ३४,८०० रुपयांचा कर त्याने स्वतःच्या खिशातून भरला. हे ध्यानात आल्यावर तो पैसे द्यायला का-कू करतो आणि तिथे वर्षानुवर्षांची मैत्री तुटते. म्हणून डील नोंदवून घ्यावे. आयोजक नोंदवत नसतील तर करासह आकडा आधीच बोलावा. डीलरना द्यायची बक्षिसीही त्याच वेळी ठरवावी, नाहीतर ती विजेत्याच्या एकट्याच्या माथी येते.

न्यायालयाचा आधार शोधायला जाऊ नये. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० पैजेचे करार निरर्थक मानते. १९५९ च्या घेरूलाल पारख खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे करार बेकायदा नाहीत, पण न्यायालयातून वसूलही होत नाहीत, हे स्पष्ट केले. जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या एका कायद्याने पैजेला पूरक असलेले करारही निरर्थक ठरवले होते. पोकर कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद वेगळा आणि लांबलचक आहे. टेबलावरच्या माणसाने एवढे ओळखावे, की तोंडी ठरलेल्या डीलमागे उभा असतो तो फक्त शब्द. तो शब्द बदलायचा असेल तर पुन्हा सगळ्यांचा होकार लागतो. “आता माझ्याकडे जास्त चिप्स आल्या, पुन्हा मोजू” हे पैसे ठरल्यानंतर म्हणता येत नाही.

स्पर्धेआधीच दोन मित्र एकमेकांच्या बक्षिसातले पाच-दहा टक्के अदलाबदल करून घेतात, त्याला स्वॅप म्हणतात. हे सर्रास चालते आणि त्यात गैर काही नाही. पण ते दोघे शेवटच्या चारांत आले, तर डील बोलण्याआधी त्यांनी हे इतरांना सांगायलाच हवे. दुसऱ्याच्या पैशावर खेळणाऱ्याने पैसे घालणाऱ्याला फोन करायला दोन मिनिटे मागितली तर ती द्यावीत. आणि बक्षिसांच्या यादीपासून एकच जागा दूर असताना, पुढे बाद होणाऱ्याला निदान प्रवेशशुल्क परत मिळावे म्हणून सगळ्यांनी थोडे थोडे काढण्याची घरगुती स्पर्धांतली पद्धत मला फार आवडते. तिथेही एकाचा नकार पुरेसा असतो.

मराठीत हे सारे मांडायचे कारण भाषेतच आहे. गोव्याच्या टेबलावर बोलणी होतात ती इंग्रजी-हिंदीत, भरभर आणि संक्षेपात. सांगली किंवा नाशिकहून पहिल्यांदा आलेल्या, खेळात कुणापेक्षा कमी नसलेल्या माणसाला ‘आयसीएम’ म्हणजे काय हे त्या घाईत विचारायची लाज वाटते आणि तो मान हलवतो. त्याने लाजू नये. आकडे कागदावर मागावेत, समजेल त्या भाषेत पुन्हा सांगायला लावावे, हवी तर पाच मिनिटे घ्यावीत आणि त्यानंतरही पटले नाही तर “नको, खेळूया” म्हणावे. पुढच्या प्रकरणांत दोन, तीन आणि चार खेळाडूंसाठी सोडवून दाखवलेली उदाहरणे आहेत. ती स्वतः करून पाहिली की टेबलावर समोर आलेला आकडा रास्त आहे की नाही, हे कुणाला विचारायची गरज पडणार नाही.